पाचावर एक फुली

७ नोव्हेंबर १९२९, चौल

बाळाजी सुताराने आज माझ्या घराच्या खांबाला कान लावला आणि म्हणाला, "चूप ऱ्हावा. खांब बोलतोय."

माझ्या घराच्या! अजून ते माझं नाही. लिहिताना हात आधी पोचतो, सही मागून यायची आहे.

मी, महेरुन्निसाबीबी आणि बीबीची काळी कोंबडी, तिघीही गप्प राहिलो. बाळाजीने हातोडीच्या दांड्याने ठक् केलं, ऐकलं, "हं" म्हटलं, पुढच्या खांबाकडे गेला. नाडी बघणारा वैद्य जसा. आजाऱ्याला काही सांगायचं नाही, नुसतं हं!

चव्वेचाळीस वर्षांत माझं म्हणावं असं एक घर झालं नाही. पालीला सासरचं — तिथे सात वर्षं, तिथलं कुंकू तिथेच पुसलं गेलं. मग अलिबागला थोरल्या भावाचं, दादांचं. मग पुण्याला शाळेचं बोर्डिंग, तिथे अठरा वर्षं खाटेखालची ट्रंक एवढीच माझी. आता नोकरी सोडली. लिहायचं आहे. आणि खिळा ठोकताना कुणाला विचारावं लागणार नाही अशी एक भिंत हवी आहे. बस्.

हे घर मोहल्ल्याच्या कडेला, पोफळीच्या वाडीत. जांभ्याचं जोतं, पुढे बुटकी पडवी, मागे रहाटाची विहीर. बीबी सत्तरीची, एकटी राहते. विकायला काढलं आहे तिच्या मुलाने, इसहाकने. तो मुंबईला गोदीवर असतो. पहिल्या दिवशी माजघराच्या खिडकीत उभी राहिले, पलीकडे पोफळींतून समुद्राचा एक तुकडा दिसला, आणि माझं भान गेलं.

दादांनी ते ओळखलं. वडिलांनी माझा वाटा ठेवला तो दादांच्या सहीखाली; त्यांची सही झाल्याशिवाय काही नाही. म्हणाले, "गोदू, तुला घर कळत नाही, तुला खिडकी कळते. बाळाजी सुताराने पसंत केलं तरच मी सही करीन."

आणि गंमत अशी की पुण्याच्या मासिकाचे संपादक नेमका आत्ताच लेख मागतात — 'घर विकत घेण्यापूर्वी काय पाहावे'. गृहिणींस उपयुक्त! मी कबूल केलं आहे.


८ नोव्हेंबर

बाळाजीची पद्धत विचारून घेतली, लेखासाठी.

तो तीन फेऱ्या करतो. पहिली कानाची. दुसरी हत्यारांची, तेव्हा लाकडावर गेरूने खुणा करतो. चांगल्या लाकडावर अंगठ्याचा ठिपका, वाईटावर फुली. तिसरी मोजणीची, घेणाऱ्याच्या घरचं वडील माणूस समोर बसवून. लिहिता येत नाही त्याला, पण फुल्या मोजता येतात.

"पाचापर्यंत फुल्या असल्या तर घर घ्यावा, बाय. पाच लाकडं बदलता येतात. पाचाच्या वर एक जरी गेली तर नमस्कार करून निघावा. माझ्या बापाचा नियम हाय."

"साडेपाच असल्या तर?"

"फुली अर्धी नसते," तो म्हणाला. विनोद चालत नाही त्याच्याकडे.

मी ज्यांच्याकडे उतरले आहे त्या सोनूबाईंना घर पसंत नाही. "मोहल्ल्याला लागून? तुम्हाला शेजार कोण?" मी म्हटलं, बीबीची कोंबडी. त्यांनी पोळी तव्यावर जरा जास्तच आपटली. अंडी मात्र त्याच कोंबडीची घेऊन नातवाला घालतात!


१० नोव्हेंबर, रविवार

दुसरी फेरी. सकाळपासून दुपारपर्यंत.

आधी सगळं इथे उतरवते, लेखाला लागेल.

ओळंबा सोडून भिंती पाहिल्या. उत्तरेची भिंत दोन बोटं बाहेर झुकली आहे. "चालंल. माझी बायकोसुदीक झुकलीय." (म्हणजे विनोद येतो. दुसऱ्याचा चालत नाही!) मोरीत घागरभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघितलं. थोडं पाणी बाहेर न जाता चुलीकडे निघालं. कौलांवर चढला, फुटकी मोजली, खाली माझ्या डोक्यावर चिमणीचं घरटं. जोत्याच्या कडेने मातीच्या बारीक रेघा शोधल्या; वाळवी चालते ती अशा झाकलेल्या वाटेने चालते. विहिरीचं पाणी चाखलं, थुंकलं, पुन्हा चाखलं. मग बीबीला विचारलं, "वैशाखात किती पायऱ्या उघड्या पडतात?"

"सात," बीबी म्हणाली.

बाळाजी कुंपणाशी गेला आणि पलीकडच्या बाईला तेच विचारलं. ती म्हणाली पाच!

मला नवल वाटलं. घर विकणारी बाई विहिरीचं पाणी जातं त्याहून खोल जातं असं का सांगेल? तेव्हा वाटलं, म्हातारपण, विसरली असेल.

लिहायचं — विकणाऱ्याला एकदा विचारावं, शेजाऱ्याला दोनदा.

शेवटी गेरू. ठिपके, ठिपके, ठिपके. दर ठिपक्याला माझा एक श्वास सुटायचा. आणि फुल्या: पडवीचे दोन खांब, स्वयंपाकघराची चौकट, माळ्याची एक फळी, मागचा एक वासा. पाच. मी मनात दादांच्या हातात टाकसुद्धा दिला. मग तो पडवीच्या टोकाशी गेला. तिथे बीबीचं बाकडं आहे. त्यावर बसून ती सुपारी कातरते, शेजारी तिची नमाजाची चटई. बाकड्यावरच्या आडव्या तुळईला त्याने ठक् केलं.

फुली.

सहा!

दादा २० तारखेला येणार मोजणीला.


११ नोव्हेंबर

काल दिवसभर मी शहाण्यासारखी वागले. आज नाही.

"खिडकीचं माप घ्यायचं राहिलं" म्हणून गेले. बीबी विहिरीवर होती. सहातली एकच फुली जायला हवी होती. एकच! पाचावर एक फुली म्हणजे काही मोठा गुन्हा नव्हे. कुठली पुसावी? वासा उंच, फळी अंधारात, चौकटीसमोर चूल. तुळईखाली मात्र बाकडं आयतं. चढले, पदराचा कोपरा तांब्यातल्या पाण्यात बुडवला, पुसली. गेरू किती सहज जातो!

अठरा वर्षं मुलींना सांगत आले, कॉपी करू नये.

बीबीने शहाळं दिलं. नेहमी शहाळंच देते. माझ्यासमोर तोडते, म्हणजे सोवळ्या बाईला अडचण नको. इतकं सांभाळून घेणारी बाई आणि मी तिच्या पडवीत चोर!

लेखाची सुरुवात केली : 'घर पाहताना मन निःपक्षपाती ठेवावे.'


१२ नोव्हेंबर

आठ!!


१३ नोव्हेंबर

पाच राहिल्या होत्या. मी मोजून निघाले होते. काल गेले तर आठ, तीन नव्या. मला वाटलं बाळाजी गुपचूप येऊन गेला. वाटेत भेटला तर तो तीन दिवस नागावला होता, एका होडीच्या कामावर.

मग भूत का? चौलला भुतांची कमी नाही असं सोनूबाई म्हणतात, पण गेरू घेऊन फिरणारं भूत मी ऐकलं नव्हतं.

आज पुन्हा गेले आणि तिन्ही पुसल्या. शेवटची पुसतेय तोच मागून काठीचा आवाज.

"मास्तरीणबाई, पदराला काय लागलं गो?"

पांढऱ्या पदरावर तांबडा डाग, बोटभर. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"कुंकू."

कुंकू! पंचवीस वर्षं विधवा असलेल्या बाईच्या पदराला! मोहल्ल्यातली बाई झाली म्हणून तिला काय एवढंही कळत नाही? बीबीने माझ्या कपाळाकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. हसली नाही. "हां," एवढंच म्हणाली आणि शहाळं तोडायला कोयता घेतला.

घरी येऊन पदर तीनदा धुतला. हसू येत होतं. मग हसू कुठे गेलं कळलं नाही, आणि मी बराच वेळ ओला पदर हातात धरून बसले.


१५ नोव्हेंबर

आज नऊ. पण आज मी नुसतं मोजलं नाही, पाहिलं. अठरा वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या आहेत. अक्षर मला कळतं!

बाळाजीची फुली ताठ, दोन फटके, हात उचलला की संपलं. नव्या फुल्या थरथरत्या, आणि सगळ्या खाली. माझ्या कमरेच्या वर एकही नाही. जणू काठी टेकून वाकलेल्या माणसाने काढल्या.

मी वळले. बीबी बाकड्यावर सुपारी कातरत होती. उजव्या हाताची दोन बोटं टोकाला लाल.

"बीबी, बोटांना काय लागलं?"

"मेंदी," ती म्हणाली, डोळा न लववता.

"दोनच बोटांना?"

"सत्तर वर्षांच्या बाईला किती लागायची!"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एक कुंकू लावणारी विधवा, एक मेंदी लावणारी. मग ती म्हणाली, "ऊन फार झालं, मास्तरीणबाई. आज लवकर जावा." आणि मी शहाण्या मुलीसारखी निघाले. जाता जाता चार पुसल्या, तिच्या देखत! तिने अडकित्ता खाली ठेवला नाही.

म्हणजे विहिरीच्या पायऱ्याही त्यातल्याच. ती स्वतःचं घर बदनाम करते आहे. का?


१६ नोव्हेंबर

का, ते कळलं.

आज बीबीने शहाळं तोडलं नाही. चहा केला, कप पुढे ठेवला आणि बघत राहिली, घेते की नाही. मी घेतला. आलं फार होतं. छान होता.

मग तीच बोलली. इसहाक वाईट नाही. दर महिन्याला येतो, दर वेळी रडतो. "अम्मा, तू एकटी. पडलीस, तापलीस, तर मला कळायला दोन दिवस." म्हणून घर विकून तो तिला डोंगरीच्या चाळीत नेणार, तिसऱ्या मजल्यावर. ती एकदा राहून आली आहे.

"तिथं जमीनच न्हाय गो. पायाखाली दुसऱ्याचं छप्पर. माझी कोंबडी कुठं उकरील?"

मुलाला ती नाही म्हणू शकत नाही. म्हणाली, "तो माझ्याच भल्याचं बोलतोय, त्याला काय सांगू? म्हटलं, गिऱ्हाईकच पळून जाऊ दे." याआधी दोघे पळाले. एकाला तिने सांगितलं माळ्यावर घोणस आहे. दुसरा मुंबईचा शेट, त्याला म्हणाली पावसात दर्या स्वयंपाकघरात येतो!

"आणि मला?"

"तू बाळाजीला घेऊन आलीस. बाळाजीपुढं घोणस चालत न्हाय. म्हणून गेरू."

मी हसले. तीही हसली, दात नाहीत तशी, सगळ्या तोंडाने. मी निघाले तेव्हा म्हणाली, "उद्या येशील ना पुसायला?"

वाटभर मला वाटत होतं, मला घर हवं म्हणजे नेमकं काय हवं? तिला उठवून बसायची जागा?

आणि तरी हवं आहे. खोटं कशाला लिहू.


१८ नोव्हेंबर

लेख लिहिताना 'लाकूड कसे वाजवून पाहावे' तिथे अडले. बाळाजीने मला शिकवलं होतं — भरीव लाकूड 'ठक्' म्हणतं, पोखरलेलं 'ढब्'. स्वतः वाजवून मग लिहावं म्हणून आज हातोडी नेली. खांब — ठक्. चौकट — कुठे ठक्, कुठे ढब्. बाकड्यावर चढून तुळई वाजवली.

ढब्. ढब्. ढब्. रिकाम्या डब्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर हात फिरवला तर बोटाखाली पापुद्रा फुटला आणि बारीक भुसा माझ्या तोंडावर पडला.

सहातली सगळ्यात वाईट मी पुसली. का, तर खाली बाकडं होतं! हाताला आली म्हणून.

आणि त्याच बाकड्यावर ती दिवसभर बसते. पाच वेळा त्याच तुळईखाली कपाळ टेकते.


१९ नोव्हेंबर

गेरू घेऊन गेले होते. बीबी बाकड्यावरच होती. "आज पुसायचं न्हाय?" म्हणाली. मी न्हाय म्हटलं. चहा प्यायले. गेरू हातरुमालात तसाच परत आणला.

उद्या मोजणी. पाच भरल्या की घर माझं.


२० नोव्हेंबर, बुधवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच विश्वास ठेवणार नाही.

दादा टांग्यातून उतरले ते छत्री, चष्मा, कागद, दौत, टाक असा सगळा सरंजाम घेऊन. मी सकाळीच घाबरत घाबरत घर फिरून आले होते. बीबीने काल-परवात दहा-पंधरा तरी काढल्या असणार. एकही नवीन नव्हती! पाच. बाळाजीच्याच, ताठ. बीबीने हातच उचलला नव्हता. का? विचारायला वेळ नव्हता, दादा दारात.

बीबीने दादांसाठी शहाळं तोडलं आणि आपल्या बाकड्यावर जाऊन बसली. बाळाजी फिरत गेला, दादा मागून मोठ्याने मोजत — "एक! दोन!" — तालुक्याचा लिलाव असल्यासारखे. चौकट, तीन. फळी, चार. वासा, पाच. सगळे पडवीत आले. बाळाजी तुळईखाली थांबला. वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पाच!" दादा म्हणाले. "गोदू, तुझी खिडकी पास झाली म्हणायची." टाक दौतीत बुडवला.

चव्वेचाळीस वर्षं. टाकाच्या टोकाला शाई. मी त्या टोकाकडेच बघत होते.

तेवढ्यात बीबीने सुपारी घ्यायला मान वाकवली, आणि तिच्या ओढणीवर वरून चिमूटभर भुसा पडला. तिला कळलंही नाही.

"बीबी, उठा तिथून!" मी ओरडले. "उठा! ती तुळई पोकळ आहे! तिच्यावर फुली होती. मी पुसली!"

दादांचा टाक थांबला. एक थेंब कागदावर.

"तू? तू पुसलीस?"

"मी. ओल्या पदराने."

बीबी सावकाश उठली. मला वाटलं आता ती मला घरातून बाहेर काढील. ती दादांना म्हणाली, "तिला बोलू नका, दादासाहेब. तिनं एक पुसली. मी सात काढल्या. तिनं त्यापण पुसल्या, ती गोष्ट वेगळी."

दादांनी चष्मा काढला. तो पुसला. पुन्हा लावला. आम्ही होतो तशाच दिसलो.

आणि बाळाजी, विनोद न चालणारा बाळाजी, खाली बसला, पोट धरलं आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"चाळीस वरसं घरं बघतोय, दादासाहेब! इकणारा फुल्या पुसतो, घेणारा किंमत पाडायला चार वाढवतो. ही दुनियेची रीत हाय. हितं घेणारी पुसतेय नि इकणारी काढतेय! असली येडी घरं मी पाह्यली न्हाय!"

"तुला माहीत होतं?" दादांनी विचारलं.

"गेरू काय, पोरंबी पुसतात. गेरू मालकाला दाखवायला. माझी खूण ही —" त्याने माझं बोट धरून खांबाच्या मागच्या बाजूला फिरवलं. पटाशीची एक बारीक खाच, नखाएवढी. दिसत नाही, लागते. मग त्याने बोटानेच सगळं घर पुन्हा मोजलं. दादा या वेळी हळू आवाजात म्हणत होते. शेवटी बाकड्यावर चढून तुळईच्या पाठीवर.

"सहा," बाळाजी म्हणाला. "आज पडत न्हाय ती, दोन पावसाळं काढील. उगा आरडलात, बाय. पण सहा म्हंजे सहा."

उगा आरडले!

दादांनी टाक पुसला, दौतीला बूच लावलं. टांग्यात चढताना छत्री उलटी धरली होती.


२१ नोव्हेंबर

बीबीला विचारलं, शेवटच्या दिवशी फुल्या का काढल्या नाहीत.

"चहा प्यायलीस ना," ती म्हणाली. "म्हटलं, जायाचंच तर हिला देऊन जावं. खिडकीत उभी ऱ्हातेस तेव्हा घराला बरं वाटतंय."

मी तिथेच रडले. कोंबडी बघत होती.


२४ नोव्हेंबर, रविवार

इसहाक आला. मुंबईचा कोट, पायात चौलची धूळ. मला वाटलं होतं कुणी दरडावणारा असेल. हा तर आईच्या पायाशी कोटासकट जमिनीवर बसला.

बाळाजीने त्याला सगळी हकीकत सांगितली, दोन्ही बाजूंचे आवाज काढून. माझा आवाज इतका किनरा आहे का? इसहाक आधी हसला, मग आईकडे वळला.

"अम्मा, यायचं नव्हतं तर मला सांगायचं."

"तुला न्हाय कसं म्हणू? तू रडतोस."

"मग माझ्या घराला घोणस लावलीस?"

"घोणस चांगली होती," बीबी म्हणाली. "शेट पायताण सोडून पळाला."

मी दोन दिवस मनात जे घोळवत होते ते बोलून टाकलं, कारण शिक्षिकेने एकदा तोंड उघडलं की वाक्य पूर्ण करावं लागतं. "घर मला द्या. पण बीबी जायच्या नाहीत. पुढची पडवी आणि बाकडं त्यांचं, त्या आहेत तोवर. कागदावर लिहून. मला खिडकी पुरे. पडल्या, तापल्या, तर मी आहे."

इसहाकने आईकडे पाहिलं. बीबी माझ्याकडे बघत होती, बाळाजी लाकडाकडे बघतो तशी.

"हिला आलं जास्त चालतंय," ती म्हणाली. "बघू."

"तुळई बदलली तर किती ऱ्हातात रे?" तिने बाळाजीला विचारलं.

"पाच."

"मग बस की बदलायला! तोंड काय बघतोस?"

पण सही दादांची. त्यांना सविस्तर पत्र टाकलं. काही लपवलं नाही, चहासुद्धा.


२५ नोव्हेंबर

सोनूबाई बोलत नाहीत. ताट मात्र वेळेवर येतं, आणि आज भाकरीवर लोणी होतं. राग कुठला आणि काळजी कुठली, बायकांच्या ताटात ओळखू येत नाही.


२८ नोव्हेंबर

दादांचं उत्तर नाही. चार दिवस. त्यांना दोन गोष्टी गिळायच्या आहेत : मी फसवलं ही, आणि मी मोहल्ल्यात एका मुसलमान बाईबरोबर राहणार ही. दुसरी मोठी आहे असं त्यांना वाटेल. मला पहिली मोठी वाटते. लहानपणी माझी पाटी फुटली तेव्हा त्यांनी स्वतःची मला दिली होती आणि मास्तरांचा मार खाल्ला होता. त्या दादांना मी पुसलेल्या फुल्या मोजायला बसवलं.

लेख पुरा करून टपालात टाकला. शेवट असा केला : 'ज्या घराची खिडकी मनात भरली, ते घर पाहावयास दुसऱ्याला पाठवावे. स्वतः जाणेच झाल्यास पदर कोरडा ठेवावा.' संपादकांना काही कळणार नाही. छापतील.


२ डिसेंबर

ट्रंक भरून ठेवली. उत्तर आलं नाही तर अलिबाग. बीबीला सांगितलं नाही. तिने न विचारता नवी तुळई आणवली, फणसाची, पिवळीधम्मक. पडवीबाहेर टेकवून ठेवली आहे. कोंबडी तिच्यावर बसते.


५ डिसेंबर

टपाल नाही.


९ डिसेंबर

दादा न कळवता आले. बाळाजी तुळई चढवत होता. कोट काढून त्यांनी दुसरं टोक धरलं. मग बाकड्यावर बसूनच सही केली. म्हणाले, "मोजायला मी दर वर्षी येईन. तुझ्यावर विश्वास नाही." आणि बीबीकडे चहा मागितला.

बाळाजीने नव्या तुळईवर अंगठ्याचा ठिपका उठवला. बीबीने त्याच गेरूत अंगठा बुडवला, काठी टेकत माझ्यासमोर आली आणि माझ्या कपाळाच्या मधोमध टेकला. "ठक् वाजतंय," बाळाजीला म्हणाली. "घेतलं."

पुसण्यात माझा हात बसला आहे. हा पुसला नाही.